भाऊंच्या दुकानापुढची बर्फाची पेटी

तेरावे उरकल्यानंतरच्या सकाळी गुणाजी आला तो रिकाम्या हातांनी. भाऊंनी बर्फाची लादी आणून, फोडून माझ्यात घालून ठेवली होती. वरून ओले गोणपाटही पसरले होते. गुणाजीच्या घरात दुखवटा होता म्हणून इतके दिवस त्याच्या पेयाच्या बाटल्या आल्या नव्हत्या. आता येतील असे भाऊंना वाटले होते. मलाही वाटले होते.

गुणाजी माझ्या झाकणावर बसला. भाऊंनी विचारले, "टेम्पो मागून येतोय काय रे?"

"टेम्पो नाही," गुणाजी म्हणाला. "विरजण गेलं, भाऊ."

भाऊंना आधी उमगले नाही. मग गुणाजीने सांगितले ते असे. त्याची बायको वनमाला गेली त्या दिवशी त्याची बहीण कुंदा गावाहून आली. ज्या घरात माणूस जाते, तिथले भरलेले पाणी ओतून टाकायचे, शिजलेले अन्न टाकून द्यायचे, भांडी घासून घ्यायची, अशी त्यांच्याकडची रीत आहे. कुंदाने सगळे रीतीप्रमाणे केले. कळशी ओतली, पिंप ओतले, भाताचे पातेले रिकामे केले. ओट्याखाली चिनी मातीची एक बरणी होती, तोंडाला फडके बांधलेली. आत पांढरा फेस, आंबूस वास आणि तळाशी आल्याचे तुकडे. कुंदाने तीही मोरीत ओतली, घासली आणि गॅलरीत उन्हात पालथी घातली. गुणाजीला तेव्हा कसलेच भान नव्हते. पाहुणे पांगल्यावर तो ओट्याखाली वाकून बरणी शोधू लागला, तेव्हा कुंदा म्हणाली, "वयनीचा कायतरी आंबलेला होता, ता मी टाकलंय."

"मग सांगितलंस तिला, ते काय होतं?" भाऊंनी विचारले.

"काय सांगणार? वहिनीच्या घरात घाण राहू नये म्हणून बिचारी कंबर मोडेस्तोवर राबली. सांगून काय, ते परत येणार?"

त्या दिवशी सगळा बर्फ वितळून माझ्या बुडाच्या भोकातून वाहून गेला. गार करायला आत काहीच नव्हते.

मित्रांनो, वनमाला गेल्याची बातमी मी आधीच ऐकली होती. पण ऐकणे वेगळे आणि कळणे वेगळे. मला कळले ते त्या दिवशी.

मी कोण, हे सांगायचे राहिलेच. मी एक बर्फाची पेटी आहे. अंधेरीत, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या फाटकाजवळ भाऊंचे लहानसे दुकान आहे. त्याच्यापुढे फुटपाथला लागून मी उभी असते. बाहेरून लाकूड, आतून जस्ताचा पत्रा आणि दोहोंच्या मध्ये ठासून भरलेला लाकडाचा भुसा, अशी माझी घडण आहे. मी जागची हलत नाही. त्यामुळे मला जे माहीत आहे, ते माझ्याजवळ उभे राहून किंवा माझ्यावर बसून लोक जे बोलले तेवढेच.

माझ्या जन्माआधीची गोष्ट मला वनमालाकडून कळली. गुणाजीचे वडील गिरणी कामगार. गुणाजी स्वतः अंधेरीतल्या एका शीतपेयांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या मशीनवर होता. कारखाना बंद पडला तेव्हा नवराबायकोने काही जुन्या बाटल्या, क्रेट आणि झाकण बसवायचे हाताचे यंत्र विकत घेतले आणि इस्टेटमधला अर्धा गाळा भाड्याने घेतला. ती दोघे गुलाब, लिंबू, जिरा असला सोडा करायची. पण तसला सोडा गल्लोगल्ली होत होता. कुणी दुकानदार म्हणायचा, दुसरा स्वस्त देतो. कुणी म्हणायचा, तुमच्या आणि त्याच्या बाटलीत फरक काय? त्याचे उत्तर गुणाजीकडे नव्हते.

ते उत्तर वनमालाला मनोरीत मिळाले. मार्व्याहून होडीने पलीकडे गेले की मनोरी. तिथल्या एका बंगल्यावर ती एका हंगामात स्वयंपाकाला जायची. शेजारी रेजिना मावशी म्हणून एक म्हातारी बाई राहायची. ती आले आणि साखर आंबवून एक पेय करायची. प्यायले की आधी गोड लागायचे, मग नाकात झिणझिण्या यायच्या आणि शेवटी घशाला छान ठसका लागायचा. ते पेय जिवंत होते. दह्याला विरजण लागते तसे त्यालाही विरजण लागायचे, आणि त्या विरजणाला रोज थोडे ठेचलेले आले आणि चमचाभर साखर खायला घालावी लागायची. वनमालाने ते मागितले आणि किती पैसे देऊ म्हणून विचारले. म्हातारी हसली. "विरजनाचं कोन पैसं घेतं गो?" म्हणाली, आणि वाटीभर तिच्या हातात दिले.

गुणाजी आणि वनमालाच्या पेयाचे नाव पडले 'ठसका'.

पेयांच्या धंद्यात तुम्ही लहान असता तोवर तुमच्याकडे कुणी बघत नाही. तेही एक सुखच असते. ठसका मरोळच्या दुकानांतून दिसू लागला, लोक नाव घेऊन मागू लागले आणि ते सुख संपले. एका मोठ्या कंपनीचा मुकुल नावाचा पोरगेलासा विक्रेता मोटरसायकलवर फिरू लागला. त्याने दुकानादुकानांत काचेच्या दाराचे फ्रीज फुकट दिले. दुकानाची पाटीही कंपनीच्या रंगात रंगवून दिली. अट एवढीच, की फ्रीजमध्ये दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही. फुकटचा फ्रीज कोण नाकारणार? भाऊंनीही घेतला. ठसक्याच्या बाटल्या फ्रीजमधून निघून फळीवर आल्या. गरम ठसका कुणी पीत नाही. शिवाय तो जिवंत. उन्हात आतल्या आत फसफसत राहायचा आणि एखाद्या दुपारी फटकन झाकण उडवायचा.

गुणाजीने हाय खाल्ली. धंदा बंद करू म्हणाला. वनमाला म्हणाली, "फ्रीजच्या आत जागा नाही ना? मग आपण बाहेर उभं राहू."

आणि मी झाले. इस्टेटमधल्या सुताराकडून लाकूड कापून आणले, गुणाजीने स्वतः पत्रा ठोकला, वनमालाने हिरवा रंग दिला. फ्रीजची अट फ्रीजपुरती होती, फुटपाथवरच्या पेटीबद्दल तिच्यात काही लिहिलेले नव्हते. पहिल्या दिवशी मुकुल माझ्याभोवती दोनदा फिरला, झाकण उघडून आत बघितले आणि भाऊंना म्हणाला, "काकींनी वाट लावली आमची."

कंपनी काही गप्प बसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने जाहीर केले, कुठलीही रिकामी काचेची बाटली आणून द्या आणि आमची प्लॅस्टिकची बाटली कमी दरात न्या. लोक ठसक्याच्याच बाटल्या नेऊन देऊ लागले. तिकडे गेलेली बाटली काचेच्या भंगारात जायची, परत यायची नाही. मित्रांनो, लहान पेयवाल्याचे भांडवल त्याच्या बाटल्यांत असते. बाटली फुटली की उद्याचा माल भरायला भांडेच उरत नाही. तेव्हा वनमालाने भाऊंच्या भिंतीवर खडूने लिहिले, 'इथेच उभे राहून प्याल तर स्वस्त.' बाटली फुटपाथ सोडून जायचीच बंद झाली. आणि कंपनीला वाटले नव्हते ते झाले. माझ्याभोवती माणसे जमू लागली. गाळ्यांतले कामगार, रिक्षावाले, दुपारी ऑफिसातून खाली आलेली मुले. बाटली संपेपर्यंत उभे राहायचे म्हटल्यावर लोक बोलणारच. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस ते. एका बाजूला फ्रीज गुरगुरत उभा असायचा आणि त्याच्याकडे पाठ करून लोक माझ्या काठावर कोपर टेकायचे.

मग कंपनीने आपलीही आल्याची बाटली काढली, ठसक्यापेक्षा कितीतरी स्वस्त. गुणाजी म्हणाला, आपणही दर उतरवू, आले कमी करून अर्क घालू. त्यावर ती दोघे माझ्यापाशी बराच वेळ वाद घालत होती. शेवटी वनमाला म्हणाली, "अहो, त्यांच्यासारखं करायला गेलो तर आपण त्यांच्यापेक्षा वाईटच करणार. तेवढी आपली ताकद नाही. आपलं आहे ते करू." तिने दर उतरवला नाही. उलट गुलाब, लिंबू, जिरा सगळे बंद केले आणि एकटा ठसका ठेवला. तो उन्हाळा कठीण गेला. पाऊस संपता संपता कंपनीची आल्याची बाटली गुपचूप दिसेनाशी झाली.

खरे सांगायचे तर मुकुलसुद्धा दुपारी येऊन ठसकाच प्यायचा. वनमाला त्याला सोडायची नाही. "काय रे मुकुल, आपल्याच फ्रीजकडे पाठ?"

"काकी, फ्रीजला डोळे नाहीत," तो म्हणायचा. "साहेबाला आहेत. लवकर द्या."

रोज संध्याकाळी वनमाला माझ्यातले पाणी काढायची, कोरड्या फडक्याने पत्रा पुसायची आणि आत वारा लागावा म्हणून झाकणाखाली लाकडाची चिपाटी सरकवून ठेवायची. ठसक्याचा क्रेट जड असायचा. एका कानाला ती धरायची, दुसऱ्याला गुणाजी, आणि दोघे मिळून तो माझ्यात उतरवायची. त्यात त्यांना बोलावे लागायचे नाही.

एक गोष्ट मात्र मी आनंदाने सांगू शकत नाही. शेजारच्या रश्मीने एकदा विरजण मागितले. तिच्या मुलीला ठसका आवडायचा, घरी करून बघते म्हणाली. वनमालाने वाटीत काढूनही ठेवले होते. गुणाजीने अडवले. धंद्याची गोष्ट आहे, आज रश्मीकडे गेली की उद्या कंपनीकडे जाईल, म्हणाला. वनमाला म्हणाली, "मला तरी मागूनच मिळालं ना?" तो म्हणाला, "तेव्हा तुझ्या मागे मुकुल लागला नव्हता." तिने वाटी परत बरणीत ओतली. पुढे खरोखरच कंपनीने मुकुलकरवी विरजण विकत मागितले. नवराबायकोने नाही सांगितले. तेव्हा गुणाजीला वाटले, आपलेच बरोबर होते. मी त्याला दोष देत नाही. ज्याच्या बाटल्या फोडल्या जातात, तो मूठ आवळायला शिकतोच.

मग एका सकाळी वनमालाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही. पुढचे तुम्हाला सांगितलेच आहे.

विरजण गेल्यानंतर गुणाजीने नवीन लावून पाहिले. त्याची मुलगी अक्षता मुलुंडला राहते. ती रविवारी यायची, आले किसून द्यायची. फेस आला, वासही आला. बाटल्या भरून गुणाजी टेम्पोने घेऊन आला. टेम्पोतून क्रेट काढताना त्याने एक कान धरला आणि थांबला. पलीकडे कुणी नव्हते. टेम्पोवाला म्हणाला, "काय झालं, काका?" काही नाही म्हणाला आणि क्रेट पोटाशी धरून एकट्यानेच आणला.

लोक आले. वनमालाची आठवण काढत प्यायले. "चांगलं आहे," म्हणाले आणि अर्धी अर्धी बाटली ठेवून गेले. ते पेय वाईट नव्हते. गोड होते, फसफसतही होते. पण ठसका लागत नव्हता. गुणाजीने स्वतः एक घोट घेतला, उरलेली बाटली गटारात ओतली आणि नंतर माल आणलाच नाही.

मग तो मनोरीला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा चपलांना वाळू होती. रेजिना मावशी केव्हाच वारली होती. तिच्या घरात आता सुट्टीचे पाहुणे उतरतात. तिचा एक पुतण्या भेटला. तो म्हणाला, मावशी विरजण गावभर वाटायची. पण जिने तिने दुसरी कुणीतरी ठेवत असेल असे म्हणून सोडून दिले. शेवटी फक्त मुंबईची कोण बाई करते, एवढे ऐकून होतो.

"ती मुंबईची बाई म्हणजे ही," गुणाजी भाऊंना म्हणाला. "हिच्याकडेच राहिलं होतं, भाऊ. सगळ्यांत शेवटचं. एक थेंब जरी कुठे असता तरी..."

भाऊ उठले. "थांब," म्हणाले. कंपनीच्या फ्रीजचे दार उघडून त्यांनी आत पार खांद्यापर्यंत हात घातला आणि मागच्या कोपऱ्यातून एक बाटली काढली. ठसक्याची. वनमाला गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्यात एकच बाटली उरली होती. ती विकायला भाऊंचा हात धजला नाही. बाहेर ठेवली तर उन्हाने झाकण उडेल म्हणून त्यांनी ती फ्रीजमध्ये लपवली होती, अट मोडून. आठवण म्हणून ठेवली होती. तिचा काही उपयोग असेल असे त्यांच्या मनातही नव्हते.

गुणाजीने बाटली हातात घेतली. झाकण वनमालाने बसवलेले होते. ती यंत्राचा दांडा दाबायची तेव्हा झाकणाची कड एका बाजूला किंचित जास्त दुमडायची. त्याने त्या कडेवरून अंगठा फिरवला. मग बाटली भाऊंच्या हातात परत दिली. "राहू दे तिथेच. माझ्या घरातल्या फ्रीजचा भरवसा नाही," म्हणाला. भाऊंनी विचारले नाही की एवढी वर्षे चालणाऱ्या फ्रीजचा भरवसा आजच का नाही.

त्याच आठवड्यात मुकुल तपासणीला आला. आता तो विक्रेता राहिलेला नाही, त्याच्या हाताखाली चार पोरे आहेत. पण भाऊंच्या दुकानाला तो स्वतः येतो. मोबाइलवर फ्रीजचा फोटो काढून साहेबाला पाठवायचा असतो. त्याने दार उघडले आणि त्याचा हात थांबला. कोपऱ्यातली बाटली त्याने ओळखली.

"काकींची आहे?" त्याने विचारले.

"शेवटची," भाऊ म्हणाले.

मुकुलने आपल्या कंपनीच्या बाटल्या एकेक करून उचलल्या आणि त्या एका बाटलीपुढे दाटीवाटीने रांगेत लावल्या. मग फोटो काढला. जाताना म्हणाला, "भाऊ, पुढच्या महिन्यात नवीन फ्रीज येतोय. हा न्यायला गोडाऊनची माणसं येतील, मी नसेन. ती काही ओळखणार नाहीत. काकांना सांगा, काय ते ठरवा."

भाऊंनी गुणाजीला सांगितले आणि गुणाजीने अक्षताला. रविवारी ती दोघे आली आणि माझ्यापाशी उभी राहिली. अक्षता म्हणाली, "बाबा, आईने एकदा केलं होतं. मे महिन्यात बरणी बिघडली होती तेव्हा. बाटलीच्या तळाला गाळ बसतो ना, तो घेऊन तिने परत विरजण लावलं होतं."

"जमलं होतं?"

"दोन वेळा नाही जमलं. तिसऱ्यांदा जमलं."

"तेव्हा बाटल्या होत्या पुष्कळ," गुणाजी म्हणाला. "आता एक आहे. उघडली आणि नाही जमलं तर? मग तिच्या हातचं काहीच राहत नाही, अक्षू."

"आणि नाही उघडली तर? ती जिवंत आहे, बाबा. थंडीत झोपलीय, एवढंच. ठेवून ठेवून तीसुद्धा मरणार."

गुणाजीने एवढेच विचारले, की जमले तर रश्मीकडे आधी वाटीभर देऊन ठेवायचे का. अक्षता म्हणाली, "आधी रश्मीकाकूकडे, मग भाऊंकडे, मग माझ्याकडे." गुणाजीने मान हलवली. पण फ्रीजकडे तो गेला नाही.

मित्रांनो, आता माझ्यात भाऊ झाडू आणि रिकाम्या गोण्या ठेवतात. पत्र्याला कोपऱ्यात गंज धरला आहे. संध्याकाळी मला कुणी पुसत नाही आणि झाकण बंद राहिल्यामुळे आत कुबट वास येतो. त्याची तक्रार मी करणार नाही. मला रंग द्या, असेही म्हणणार नाही. मागणे एकच आहे. तुमच्या घरात कुणीतरी रोज काहीतरी जिवंत ठेवत असेल. ते हात घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, कसे करतात ते बघा आणि आपल्या वाटीत थोडे मागून घ्या. घेतलेले एकट्याकडेच ठेवू नका. जो मागेल त्याला द्या. दिल्याने धंदा बुडेल की नाही, ते मी पेटी असून सांगू शकत नाही. पण न देऊन काय झाले, ते मी पाहिले आहे.

नवा फ्रीज यायला आता थोडेच दिवस उरले आहेत. गुणाजी रोज सकाळी येतो. फ्रीजच्या काचेतून कंपनीच्या बाटल्यांच्या रांगेमागे बघतो, भाऊंकडचा चहा घेतो आणि घरी जातो. अक्षताने आले आणून ठेवले आहे. बाटली अजून उघडलेली नाही.